रिकामे रकाने

“भंते, त्यांच्या सगळ्या नोंदी इथे आल्याशिवाय शोधायचं तरी कसं?”

संघपाल विचारत होता, असं आपलं म्हणायचं. खरं तर त्याला फक्त होकार हवा होता. हैदराबादेत मोठमोठे डेटाबेस सांभाळून आलेला मुलगा. त्याला कोण शिकवणार?

संध्याकाळ झाली होती. भंते शीलरत्न ओसरीवर आपलं भिक्षापात्र पुसत बसले होते. भंडाऱ्याजवळच्या त्यांच्या विहारात रस्त्यावर भरकटलेली, घरचा पत्ता विसरलेली साठेक माणसं राहत. त्यांच्या नोंदी विहाराच्या कॉम्प्युटरवर होत्या. आणि तिकडे रांचीच्या एका संस्थेच्या सर्व्हरवर हरवलेल्या माणसांच्या लाखो नोंदी होत्या.

इकडचं टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, तिकडच्या टेबलाशी जुळवायचं, एवढंच काम. निदान फाटकाशी बसणाऱ्या त्या बाईसाठी तरी. तिची भाषा इथे कुणालाच कळत नव्हती. रोज संध्याकाळी ती पिशवी घेऊन फाटकाशी बसायची, कुणीतरी न्यायला येईल म्हणून. अलीकडे तर ती जेवेनाशी झाली होती.

“आठवडा झाला,” भंते म्हणाले. “अडलं कुठे?”

“शोधासाठी लिहिलेली क्वेरी त्यांचं अख्खं टेबल इकडे ओढते. इंटरनेटची लाइन कमजोर आहे. मध्येच तुटते, की पुन्हा पहिल्यापासून. मोठी लाइन घेऊ या.”

“आपली यादी केवढी?”

“चिमूटभर.”

“मग तीच जाऊ दे की तिकडे. काहून नाही?”



“त्यांनी त्यांच्या सर्व्हरवर जागा देऊ केली आहे,” संघपाल म्हणाला. “पण आपल्या टेबलात आहे काय, भंते? नावाचा रकाना रिकामा. गावाचा रिकामा. एखादं गोंदण, एखादा व्रण. असलं घेऊन कुणाच्या दारात जायचं? हसतील ते.”

भंतेंनी हातातलं पात्र त्याच्यापुढे धरलं.

“हे भरून घेऊन गावात भिक्षेला गेलो तर?”

“...कुणी काही वाढणार नाही.”

भंते पुन्हा पात्र पुसू लागले.

संघपाल चिडला. चिडूनच आत गेला. आपली यादी तिकडे पाठवली, जुळणी तिकडेच करून फक्त जुळेल तेवढं परत यावं अशी क्वेरी लिहिली. हे फसावं असंच त्याला मनातून वाटत होतं. पण फसलं नाही.

भंतेंचा चहा निवायच्या आत तो धावत बाहेर आला.

“भंते, फाटकाशी बसते त्या बाईचं जुळलं! हनुवटीवरचं गोंदण, डाव्या कानाची फाटलेली पाळी, दोन्ही जुळलं. भाऊ शोधतोय तिला. अहो, आठवडाभर जे होत नव्हतं, ते बारा सेकंदांत! लाइन तीच, मशीन तेच, फक्त क्वेरी...”

“नाव काय तिचं?”

संघपाल थांबला. सेकंद त्याने नीट पाहिले होते. नाव...

तो आत गेला. परत आला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता.

“फुलमणी. फुलमणी आहे, भंते.”

ती फाटकाशीच बसली होती, रस्त्याकडे तोंड करून.

“मग मला काय सांगतोस?” भंते म्हणाले. “तिला हाक मार.”