बकुळी आणि चमचमणारं पाणी

समुद्राजवळ पोफळींची एक हिरवीगार बाग होती आणि बागेच्या कडेला एक इवलंसं कौलारू घर. त्या घरात बकुळी राहायची. तिची आई तापाने अंथरुणाला खिळली होती. बाबा दूर बोटीवर कामाला. झोळीत तान्हा गुंडू, आणि घरात मच्छरदाणी एकच.

डॉक्टरीणबाईंनी आईला औषध देऊन बजावलं होतं, "हा डासांचा ताप आहे. आईला चावलेला डास पुढे बाळाला चावला, तर त्यालाही येईल. दिवसासुद्धा जपा हो."

म्हणून आईला मच्छरदाणीत निजवून बकुळी झोळीशी बसायची आणि सुपाने वारा घालायची. हात भरून यायचे. तरी पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांचे डास यायचेच.

एका सकाळी तिला रडूच फुटलं.

"अगं, सूप खाली पडलं की!" खिडकीतल्या जास्वंदीवरून कुणीतरी म्हणालं.

फुलावर बोटभर उंचीची परी बसली होती. तिचे पंख निळे म्हणावे तर हिरवे दिसत, आणि हिरवे म्हणावे तर सोनेरी.

"एक मागणं माग," परी म्हणाली. "पण नियम ऐक हं. मी कुणाला मारत नाही, फक्त इथून तिथे हलवते. मागणं परत करता येतं, पण मग दुसरं मिळत नाही."

"आमच्या घरातले डास जाऊ देत!" बकुळी एका दमात म्हणाली.

परीने पंख झटकले. गुणगुण थांबली. गुंडू मुठी चोखत शांत झोपला. बकुळीला वाटलं, आता आपणही जरा आडवं व्हावं.

तेवढ्यात कुंपणापलीकडून रडणं ऐकू आलं. तिथे गोदूकाकू राहायच्या, भारी तिखट जिभेच्या. बकुळी धावत गेली.

"काय गं, आज पुन्हा माझ्या सुपाऱ्या वेचायला?" काकू खेकसल्या. पण त्यांचा आवाज कापत होता. कडेवरच्या नातीच्या गोबऱ्या गालांवर लालचुटुक गांधी उठल्या होत्या. "कुठून आले मेले एवढे डास!"

कुठून आले, ते बकुळीला ठाऊक होतं. तिने मागे वळून आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या झोळीकडे पाहिलं. गुंडू किती गाढ झोपला होता!

"परीताई, माझं मागणं परत घे," ती हळूच म्हणाली.

गुणगुण परत आली. बकुळीने घरी धावत जाऊन सूप उचललं.

परी तिच्या खांद्यावर येऊन बसली. "मागणं संपलं, राणी. पण दाखवायला कुठे मनाई आहे? बाहेर बघ."

सारी बाग लखलखत होती! गळून पडलेल्या झावळ्यांच्या खोलगट बुडांत, करवंट्यांत, फुटक्या घड्यात, जिथे जिथे पाणी साचलं होतं तिथे तिथे ते चांदीच्या टिकल्यांसारखं चमकत होतं. बकुळीने वाकून पाहिलं. पाण्यात बारीक बारीक किडे वळवळत होते.

"हीच डासांची पिल्लं," परी म्हणाली. "पाण्याबाहेर ती जगत नाहीत."

बकुळीने करवंटी पालथी केली. मग दुसरी.

"हे काय चाललंय?" काकूंनी कुंपणावरून विचारलं. बकुळीने सगळं सांगितलं. "तुझे डास तूच परत घेतलेस? वेडी पोर! थांब, तू गुंडूपाशी बस. मी करते." आणि पदर खोचून त्या कामाला लागल्या. त्याआधी घरून आपली मच्छरदाणी आणून त्यांनी झोळीवर घातली. "दोन्ही बाळं निजतील आत. मोठी आहे मच्छरदाणी."

पाण्याच्या पिंपाला फडकं बांधलं गेलं. दर आठवड्याला बागेत साचलेलं पाणी ओतून टाकलं जाऊ लागलं. औषधाने आईचा ताप उतरला. ती उंबऱ्यात बसून पेज पिऊ लागली. गुंडूला तापाने शिवलंसुद्धा नाही.

पण बागेतली विहीर राहिली होती.

"ती कशी गं पालथी करू?" बकुळीने परीला विचारलं.

परी खुदकन हसली. "तिची काळजी मला."

ती विहिरीवर उंच उडाली, गिरकी घेऊ लागली आणि तिचा उजेडच उजेड झाला. निळा, हिरवा, सोनेरी. मग तो फुटला आणि त्याचे थेंब टपटप पाण्यात पडले.

बकुळीने काठावरून डोकावून पाहिलं. परी कुठेच नव्हती. पाण्यात मात्र चिमुकले गप्पी मासे डासांच्या पिल्लांमागे शेपट्या हलवत होते, आणि त्यांना फार भूक लागली होती.