सुतारपक्ष्याचा नवा छकडा

रानातले प्राणी शर्यती लावत, त्या काळची ही गोष्ट. सुतारपक्ष्याने वर्षभर खपून शर्यतीचा नवा छकडा घडवला. तो पाहायला शौकीन जमले. त्यांना पसंत पडला नाही, तर छकडा मोडायचा असे ठरले होते.

"मागून अगदीच आखूड हो!" मोर म्हणाला.

"पुढे सुळे नाहीत. धाक कसा वाटणार?" रानडुक्कर गुरगुरले.

"आणि पाठीवर पट्टे विसरलास की रे!" खार म्हणाली.



छकडा ओढणाऱ्या बैलाने जू मानेवर घेतले. "सुतारदादा, इथं खोलगट का केलंस?"

"तुझी जुनी जखम तिथंच आहे ना."

बैलाने मैदानाला एक फेरी मारली. मग न सांगता आणखी दोन मारल्या. शौकीन छकडा मोडायला आले, तेव्हा त्याने जुवातून मान काढलीच नाही.