बुटात पडला शंकरपाळा

दूर दूर एक गाव. गावाचं नाव व्हिएन्ना. तिथे नाताळ आला. छपरांवर बर्फ. झाडांवर बर्फ. घंटा वाजते टण टण टण.

त्या गावात एक पक्षी राहायचा. एवढासा. मुठीत मावेल एवढा. पाठ मातकट, छाती तांबडी. म्हणून त्याचं नाव तांबू.

तांबूच्या झाडासमोर एक घर. त्या घरात पाहुणे आले. नाताळ बघायला साताऱ्याहून आले. आई, बाबा, मुक्ता आणि बाळ निमिष.

पाहुण्यांची एक सवय. घरात शिरायचं, तर बूट दाराबाहेर. मुक्ताने बूट काढले. पायरीवर ठेवले. लाल लाल बूट.

मुक्ताने तांबूला एक शंकरपाळा दिला. तांबू बसला बुटाच्या काठावर. शंकरपाळा धरला चोचीत. आणि निसटला. टुप. गेला बुटात.

वरून आला बर्फ. भुरुभुरु, भुरुभुरु. बूट भरला गच्च.

तांबूने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिकडे अंधार लवकर पडतो. अंधारात दाणा दिसत नाही. आणि उपाशी झोपलं, की थंडी फार वाजते.

तांबू म्हणाला, "बुटा बुटा, माझा शंकरपाळा दे."

बूट म्हणाला, "कसा देऊ? तोंडात बर्फ भरलाय. मुक्ता मला उलटा करेल, तर देईन."

तांबू गेला टुणुक टुणुक. दार होतं जरासं उघडं. आत मुक्ता बसली होती. गाल फुगवून.

"मुक्ताताई, मुक्ताताई,
बूट उलटेना,
शंकरपाळा मिळेना,
भूक काही जाईना.
बूट उलटा कर ना."

मुक्ता म्हणाली, "मी नाही उठणार. मी रुसलेय. बाजारात गोल गोल फिरणारा घोडा आहे. बाबा मला तिथे नेतील, तर उठेन."

तांबू गेला टुणुक टुणुक. बाबा येरझाऱ्या घालत होते. कडेवर निमिष.

"बाबा, बाबा,
मुक्ता उठेना,
बूट उलटेना,
शंकरपाळा मिळेना,
भूक काही जाईना.
मुक्ताला बाजारात न्या ना."

बाबा म्हणाले, "मी नाही निघणार. हा बघ कसा रडतोय. सगळा बाजार पळून जाईल. बाळ हसेल, तर निघेन."

तांबू बसला बाबांच्या खांद्यावर. निमिषच्या अगदी नाकासमोर.

"बाळा, बाळा,
बाबा निघेनात,
मुक्ता उठेना,
बूट उलटेना,
शंकरपाळा मिळेना,
भूक काही जाईना.
जरासं हस ना."

निमिष म्हणाला, "ट्यँ. मी नाही हसणार. काल पाव, आज पाव. मला पाव नको. आई मऊ भात देईल, तर हसेन. ट्यँ."

तांबू गेला टुणुक टुणुक. स्वयंपाकघरात आई उभी होती. पातेल्यात तांदूळ, पातेल्यात पाणी. पण पाणी गारच्या गार.

"आई, आई,
बाळ हसेना,
बाबा निघेनात,
मुक्ता उठेना,
बूट उलटेना,
शंकरपाळा मिळेना,
भूक काही जाईना.
मऊ भात कर ना."

आई म्हणाली, "कसा करू, राजा? ही शेगडी बघ. बटणंच बटणं. हे दाबलं, ते दाबलं. तापतच नाही मेली. वरच्या हिल्डाआजी येऊन दाखवतील, तर भात शिजवेन."

तांबू उडाला भुर्र. वरच्या खिडकीत बसला. खिडकीतून बिस्किटांचा वास येत होता. तांबूचं पोट म्हणालं, गुर्र.

आत हिल्डाआजी होती. तिला मराठी येत नाही. पण तांबूची चिवचिव कळते.

"आजी, आजी,
भात शिजेना,
बाळ हसेना,
बाबा निघेनात,
मुक्ता उठेना,
बूट उलटेना,
शंकरपाळा मिळेना,
भूक काही जाईना.
खाली चल ना."

हिल्डाआजी म्हणाली, "मी नाही येणार. नाताळचं झाड सजलं, दिवे लागले. पण टोकावर तारा नाही. माझा हात पुरत नाही. शिडी चढवत नाही. तारा बसेल, तर येईन."

तांबू थांबला. बाहेर आभाळ निळं-काळं झालं. आता कोणाकडे जायचं? तांबू हळूच म्हणाला,

"तारा बसेना,
आजी येईना,
भात शिजेना,
बाळ हसेना,
बाबा निघेनात,
मुक्ता उठेना,
बूट उलटेना,
शंकरपाळा मिळेना,
भूक काही जाईना."

मग त्याने झाडाखाली ठेवलेल्या ताऱ्याकडे पाहिलं. तारा होता वाळल्या गवताचा. हलका हलका. अगदी तांबूच्या घरट्यासारखा.

"मीच बसवतो की," तांबू म्हणाला.

तांबूने तारा चोचीत धरला. चढला खालच्या फांदीवर. टुणुक. मधल्या फांदीवर. टुणुक. वरच्या फांदीवर. टुणुक. तारा डुलला. तांबूही डुलला. आणि तारा बसला. टोकावर. जरासा तिरका.

"तिरकाच छान दिसतो," हिल्डाआजी म्हणाली. आणि निघाली. खट खट, खट खट.

खाली आजी बोलली तिच्या भाषेत. आई बोलली आपल्या भाषेत. बटण मात्र फिरलं. टक.

तारा बसला, आजी आली.
आजी आली, शेगडी तापली.
शेगडी तापली, भात शिजला. रटरट रटरट.
भात शिजला, बाळ हसलं. खुदुखुदु.
बाळ हसलं, बाबा निघाले.
बाबा निघाले, मुक्ता उठली.
मुक्ता उठली, बूट उलटा केला.

धप्प. बर्फ पडला. पण शंकरपाळा कुठंय?

मुक्ताने टाचेवर थाप मारली. एकदा. पुन्हा एकदा.

टुप. पडला शंकरपाळा.

तांबूने खाल्ला. कुडुम कुडुम. सगळा खाल्ला. एक कण सांडला. तोही खाल्ला.

हिल्डाआजीने बुटांकडे बोट दाखवलं. मान हलवली. बर्फात बूट? असं कुठे असतं?

आई म्हणाली, "अहो आजी, घरात बूट कसे आणायचे?"

आजीने दाराच्या आत जुना कागद पसरला. त्यावर आपल्या चपला ठेवल्या. नीट, जोडीने. आई बघतच राहिली. "हे बरंय की," आई म्हणाली.

"पण माझा एक बूट ओला झाला," मुक्ता म्हणाली.

बाबा म्हणाले, "मग बस खांद्यावर."

आजीने लोकरीचा मोजा दिला. एका पायात बूट, एका पायात मोजा. मुक्ता निघाली घोड्यावर बसायला. आधी बाबांचा घोडा, मग बाजारातला घोडा.

आणि ओला बूट? तो आईने पुसला. शेगडीपाशी ठेवला. वाळला खडखडीत.

बाजारातून आल्यावर मुक्ताने बूट पुन्हा बाहेर नेला, पण पायरीवर नाही, खिडकीखाली. पण उभा नाही, आडवा. वर छज्जा, आत कापूस. कापसावर दोन शंकरपाळे.

तांबू आत शिरला. मागे वळला. डोकं बाहेर काढलं. चिव, म्हणाला.

घंटा वाजली टण टण टण.
बर्फ पडला भुरुभुरु.
तांबू झोपला बुटात,
तुम्ही झोपा दुलईत.