उंदराशेजारी झोपलेली भुरी

तुम्हीच सांगा, ‘मांजर उंदीर पकडते’ असं म्हणणं हा काय गुन्हा झाला?

धुरपदाला मात्र ते भोवलं! राजवाड्याचं धान्यकोठार झाडण्याचं तिचं काम. उंदरांनी पोती कुरतडली, तेव्हा ती राजा धैर्यसेनाला म्हणाली, “मांजर उंदीर पकडते, महाराज! माझी भुरी आणू?” भुरी आली, वाटीभर दूध प्याली आणि राजाच्या डोळ्यांदेखत एका गलेलठ्ठ उंदराशेजारी पाय ताणून झोपली!

“खोटारडे!” राजा कडाडला. “एकदा जरी चुकलं, तरी ते बोलणं खोटं! तुझं बोलणं खरं असेल, तर संध्याकाळपर्यंत ही मांजरच नाही हे सिद्ध कर. नाहीतर तुझं काम गेलं आणि कोठारामागची राहती खोलीही गेली!”

धुरपदाने घरी येऊन भुरीची शेपटी हळूच ओढून पाहिली. भुरी ‘म्याव’ म्हणाली.

“झालं! आता काय कप्पाळ सिद्ध करू? तुला तरी काय बोलू बाई, माझ्याच घरात वाढलीस. खायला पुढे, कामाला मागे!”

संध्याकाळी दरबार भरला. रोजच्याप्रमाणे चोपदाराने ललकारी दिली, “गरिबांना न्याय देणारे धैर्यसेन महाराज येत आहेत होऽऽ!”

राजाने बसताच विचारलं, “बोल, ही मांजर आहे की नाही?”

“मांजरच आहे, महाराज. मिशा आहेत, शेपूट आहे, नखरे तर माझ्याहून जास्त!”

“म्हणजे तू खोटं बोललीस!”

“मग माझं सगळंच खोटं! धुरपदा भाकरी चांगली करते म्हणतात, काल चारही करपल्या. धुरपदा शहाणी आहे म्हणतात, आणि बघा, मांजर काखेत घेऊन दरबारात उभी आहे!” दरबार खुदखुदला. “काढा मला, महाराज. पण आधी या चोपदारबाबांना काढा.”

“त्याने काय केलं?”

“रोज ओरडतात, महाराज गरिबांना न्याय देतात. आज एका झोपाळू मांजरीपायी गरिबाचं घर जाणार. एकदा चुकलंच ना? मग ललकारी खोटी! आणि एकदा चुकलं तरी ती खरीच म्हणाल, तर माझं बोलणंही खरं!”

चोपदाराच्या हातातली काठी निसटली. राजाने भुरीकडे पाहिलं. ती धुरपदाच्या काखेत घोरत होती. राजा पोट धरून हसला.

“राजे शहाणे असतात, धुरपदा. पण आज मी तुझ्या भुरीच्या पंगतीत बसलो होतो!”

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपदाच्या दारात राजाच्या गोठ्यातली दुभती गाय बांधलेली होती.