गारमाळच्या पिकअपचे टायर

गारमाळ ही डोंगरावरची वस्ती. तिथल्या आजारी माणसांना, बाळंतिणींना दवाखान्यात न्यायला पंचायतीची एकच पिकअप होती आणि ती चालवायची चांगुणा भांगरे. टायर गुळगुळीत झाले, तेव्हा ती ग्रामसभेत उभी राहिली. "चिखल-दगडात पकड घेणारे, खोल खाचांचे रगेड टायर द्या," म्हणाली.

सरपंच विश्वासराव खवळले. "मी डांबरी रस्ता करून दिलाय! त्याला बऱ्या-वाईट रस्त्यांवर चालणारे मधल्या खाचांचे ऑल-टेरेन टायर पुष्कळ झाले. का माझा रस्ता वाईट आहे म्हणतेस?"

हो म्हणावं तर सरपंचांचा अपमान, नाही म्हणावं तर भर पावसात बाळंतीण वाटेत अडकणार.

चांगुणाने हात जोडले. "छे छे, अण्णा! रस्ता इतका नाजूक केलाय तुम्ही, की त्याच्यावर चाक घालायला जीव होत नाही. म्हणून आम्ही गाडी शेजारच्या ओढ्यातूनच नेतो. रगेड टायर त्या ओढ्यासाठी हवेत."

सभेत हशा उसळला. विश्वासराव आधी लालबुंद झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. त्यांनी रगेड टायरच्या मागणीवर सही ठोकली आणि खाली स्वतःच्या हाताने कारण लिहिलं, 'ओढ्याकरिता'.