रिकाम्या पाटाचं उत्तर

घड्याळं जन्माला आली नव्हती आणि लोकांचा दिवस घंटेच्या टोल्यांवर चालत असे, त्या काळची ही गोष्ट. एका राज्यात घंटा ओतणारा एक मालक होता. त्याच्या घंटांचा नाद तीन गावांपलीकडे जाई. मालकाचा आवाज त्याहूनही लांब जाई.

एके दिवशी त्याने केरबा नावाच्या जुन्या कारागिराला कामावरून काढलं. केरबा पेटत्या भट्टीपाशी दोनदा झोपला होता आणि दोन्ही वेळा त्याला सर्वांदेखत समज मिळाली होती. मात्र आदल्याच दिवशी त्याने देवळाच्या घंटेचा तडा गिऱ्हाइकाला दाखवला होता, हेही तितकंच खरं.

तिसऱ्या दिवशी दारावर न्यायसभेचं ताडपत्र लटकलं. त्यावर केरबाची तक्रार होती : 'तडा दाखवला म्हणून मला काढलं.' खाली सभेची ओळ होती : 'काय खरं, काय खोटं, ते पौर्णिमेच्या आत मागच्या बाजूस लिहावं. न लिहिल्यास सभेतला तुमचा रिकामा पाट उत्तर देईल.'

कारकून म्हणाला, "मालक, लिहून टाकू. झोपेचं लिहू, त्याला साक्षीदार आहेत. तड्याचं कबूल करू. जमलं तर केरबाला बोलावून समेटच करू. अजून बारा दिवस आहेत."

"मी उत्तर देऊ? माझ्या नोकराला?"

"नोकराला नाही, सभेला."

"पाट बोलतो म्हणे! मग बोलू दे की. माझा त्रास वाचला."

मालकाने ताडपत्र फाडून फेकलं. सकाळी ते दारावर अखंड लटकत होतं. मालक नेहमीसारखा ओरडला. आवाज जेमतेम अंगणापर्यंत पोचला. त्याने ते भट्टीत टाकलं. भट्टीतलं कासं वितळलं, पानाची कड काळवंडलीसुद्धा नाही. थोड्या वेळाने ते पुन्हा दारावर लटकत होतं.

आता मालक चिडला. "जा, केरबाला सांग, तक्रार मागे घे. नाहीतर या राज्यातल्या एकाही भट्टीत तुला कुणी उभं करणार नाही."

कारकून निघाला आणि दारातच थबकला. ताडपत्रावर ओली शाई चकाकत होती. मालकाचं वाक्य तिथे आपोआप उमटत होतं, शब्दन् शब्द.

"मालक, मी जायची गरज उरली नाही," तो म्हणाला. "निरोप पोचला."

त्यानंतर मालक दाराकडे पाठ करून बसू लागला. उरलेले दिवस तसेच सरले.

पौर्णिमेच्या दिवशी भर दुपारी राजवाड्याची घंटा ओतणं चाललं होतं. नदीपलीकडे सभा बसली होती. एकाएकी सगळ्यांचे हात थांबले. नदीपलीकडून मालकाचा आवाज येत होता, जुना, भरदार. मालक तर समोर तोंड मिटून उभा होता.

"होय," तो आवाज म्हणाला. जरा वेळाने पुन्हा, "होय." मग तिसऱ्यांदा, "होय."

सभेचे प्रश्न इथे ऐकू येत नव्हते. मालकाला घाम फुटला. 'झोपेचं सांग! साक्षीदार आहेत!' असं त्याला ओरडायचं होतं. त्याने तोंड उघडलं. बाहेर पडलं ते एवढंच : "होय."

सभेच्या हुकमाने केरबा कामावर परतला. तो भला माणूस होता. म्हणाला, "मालक, झोपलो तर मी खरंच होतो. सभेने विचारलं असतं तर नाही म्हणालो नसतो. पण तुम्ही तो विषयच काढला नाहीत."

"होय," मालक म्हणाला.

महिन्याभराने राजाचा कारभारी आला. नवी घंटा निर्दोष होती. केरबाने स्वतः ठोकून पाहिली होती. कारभाऱ्याने मालकालाच विचारलं, "हिला तडा आहे का?"

मालकाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. तरीही बोटांच्या फटींतून शब्द आलाच.

घंटा राजवाड्यावर गेली नाही. वर्षभरात भट्टी विझली. ताडपत्र मात्र अजून त्या दारावर आहे म्हणतात, मागची बाजू कोरी.

तात्पर्य : तक्रारीला वेळेत आणि खरं उत्तर न देणारा मालक तिच्यातल्या खोट्यालाही स्वतःच्या तोंडाने होकार देतो.