सिंहासनाचा शिळा वास

तारे अजून तरुण होते तेव्हा सात ताऱ्यांवर मधमाश्यांचं राज्य होतं. रुंजी नावाची माशी सर्वांत दूरच्या ताऱ्यावर शिकून राजधानीत परतली. राणी दारातच विचारेल, काय शिकलीस, असं तिला वाटलं होतं. पण राणी सिंहासनावर मरून पडली होती, आणि प्रधानकाकू तिच्या अंगावरून फडकं फिरवून तिचा वास खांबाखांबाला फासत होत्या.

“वास आहे तोवर राणी आहे,” काकू म्हणाल्या. “आणि राणी आहे तोवर हुकूम माझा.”

“पण काकू, राजखाद्य कोवळ्या अळीलाच लागू पडतं. शेवटची अळी उद्या दुपारी जून होईल. मग नवी राणी कशातून घडवणार?”

“चार इयत्ता शिकलीस आणि मला अळ्या शिकवतेस? कुठे बोललीस तर पंख छाटीन.”

बाकीच्या माश्या खाली मान घालून कामाला लागल्या. वास शिळा आहे हे त्यांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुंजीने ती अळी भर चौकात आणली आणि सगळ्यांसमोर तिला राजखाद्य भरवू लागली. काकू धावत आल्या.

“छाटा पंख,” रुंजी मान वर न करता म्हणाली. “भरवायला पंख लागत नाहीत.”